हॉट टबचा हीटर: आधी मीटर लावा, मग एलिमेंट बदला



रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी. माझं दुकान इथेच. पंखा, मिक्सर, पाण्याचा पंप आणि गिझर ही आपली रोजची भाजी-भाकरी. पण गेल्या काही वर्षांत आपल्या पट्ट्यात एक नवीन काम आलंय, आणि त्याबद्दल बरेच जण विचारतात. कोलाडचं राफ्टिंग, अलिबाग-काशिदचे व्हिला, फार्महाऊस, सगळीकडे आता हॉट टब बसतायत. आपल्या भाषेत जकुझी. राफ्टिंगवाले सकाळी नदीत भिजतात. ते पाणी म्हणजे मुळशीचं. भिऱ्याच्या १९२७ पासून चालू असलेल्या वीजकेंद्रातून वीज काढून झाली की ते कुंडलिकेत सोडतात. संध्याकाळी त्याच लोकांना गरम पाण्यात बसायचं असतं. रायगडात, जिथे मार्च-एप्रिलला भिऱ्याचं तापमान बातम्यांत येतं, तिथे गरम पाण्याला कस्टमर आहे हे मला आधी पटलंच नव्हतं. पण उन्हेऱ्याच्या कुंडांत आपले आजी-आजोबा उगीच जात नव्हते.

व्हिडिओत मी एलिमेंट कसं काढायचं ते दाखवलंय. इथे आकडे देतो, आणि एक जॉब सांगतो ज्यात माझे पैसे गेले. पैसे गेले तेवढ्यावरच निभावलं, म्हणून लिहितोय.

कोलाडच्या पुढे एक व्हिला. जून महिना, पावसाची सुरुवात. तिथला केअरटेकर फोनवर म्हणाला, "दादा, कॉइल गेली. नवीन घेऊनच या." मी विचारलं, कशावरून? "पाणी गरम होत नाय ना." मी हीटरवरच्या प्लेटचा फोटो मागवला, तसं एलिमेंट मुंबईहून मागवलं, गेलो, जुनं काढलं. ओपन होतं, म्हणजे आतली तार तुटलेली. नवीन बसवलं, पाणी तापलं, बिल केलं ७,५०० रुपये, आणि खुशीत घरी आलो. एलिमेंट मला ४,२०० ला पडलं, गॅस्केट आणि ओ-रिंग ३००, पेट्रोल ३००, हेल्परचे ६००. हातात राहिले २,१००. एका दिवसाचे वाईट नाहीत.

जुनं एलिमेंट का गेलं हे मी विचारलंच नाही. ही चूक लक्षात ठेवा, पुढे ती परत येते.

पाच आठवड्यांनी, शुक्रवारी दुपारी, परत फोन. "दादा, टबात हात घातला की मुंग्या येतात. काल पाहुण्यांचा पोरगा बोलला, पाणी चावतंय."

मित्रांनो, हे वाक्य ऐकलं की हातातलं काम तिथेच टाकायचं. मी त्याला सांगितलं, आधी मेन बंद कर, टबाजवळ कोणाला फिरकू देऊ नको, आणि हात ओले असतील तर पुसून मग स्विचला लाव. मग गाडी काढली.

आता जरा थांबू आणि एलिमेंट आतून कसं असतं ते बघू, नाहीतर पुढचं समजणार नाही.

बाहेर धातूची नळी असते, तांब्याची, स्टीलची किंवा इन्कोलॉय नावाच्या मिश्रधातूची. तिला शीथ म्हणतात. आत मधोमध निक्रोमच्या तारेची स्प्रिंग. तार आणि नळी यांच्यामध्ये पांढरी पावडर ठासून भरलेली असते, ती मॅग्नेशियम ऑक्साइड. ही पावडर कमालीची चीज आहे: उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. पण तिची एक खोड आहे, ती ओल शोषते. आणि ओली झाली की वीज अडवायचं तिचं काम संपलं. (भारतीय मानकांत अशा एलिमेंटसाठी आयएस ४१५९ आहे, माल घेताना विचारा, दुकानदार गोंधळला तर दुसरीकडे बघा.)

म्हणजे एलिमेंट दोन तऱ्हेने जातं. एक, तार तुटते. पाणी तापत नाही, कोणाला धोका नाही, कस्टमर फक्त वैतागतो. दोन, नळीला सुईएवढं भोक पडतं, पाणी पावडरीत शिरतं आणि करंट पाण्यात उतरतो. यात गंमत अशी की तार धड असेल तर पाणी मस्त तापत राहतं. कस्टमरला वाटतं, सगळं चालू आहे.

पहिल्या प्रकारासाठी मल्टिमीटर लागतो, दुसऱ्यासाठी मेगर. नव्याने धंद्यात येणारी ९० टक्के पोरं (हा माझा अंदाज, सर्व्हे नाही) फक्त पहिली टेस्ट करतात. मीसुद्धा तेच करायचो.

टेस्टिंग असं करा. एमसीबी बंद, आयसोलेटर बंद, त्यावर टेप लावून "काम चालू" अशी चिठ्ठी. व्हिलात माणसं फिरत असतात, कोणीतरी "लाइट का नाय" म्हणून चालू करतं. मग हीटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज खरंच गेलंय का ते मीटरने बघा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, तिन्ही. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर जीव ठेवू नका. वायरी काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. मग एलिमेंटच्या दोन्ही वायरी सोडवा. सोडवल्याशिवाय घेतलेलं रीडिंग एलिमेंटचं नसतं, ते सगळ्या सर्किटचं असतं.

मीटर २०० ओहमवर. आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवा, जो अर्धा-पाऊण ओहम दिसेल तो नंतर वजा करा. आता दोन्ही टर्मिनलवर लावा. किती यायला हवं? व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्टचा २ किलोवॅटचा गिझर असेल तर साधारण २६ ओहम. ३ किलोवॅटचा असेल तर १७.६. पण टब बरेचदा बाहेरून आलेले असतात आणि प्लेटवर ३ किलोवॅट, २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. मग १९.२ ओहम बरोबर. माझ्याकडे शिकायला आलेल्या एकाने १९ बघून चांगलं एलिमेंट भंगारात काढलं होतं, कारण तो २३० ने हिशोब करत होता. प्लेट वाचा. मीटरवर काहीच आलं नाही, ओपन दाखवलं, तर तार तुटली.

त्यानंतर एक पिन टर्मिनलला, दुसरी नळीच्या धातूला. इथे काहीच यायला नको. काहीही आकडा आला, किलोओहममध्ये का होईना, एलिमेंट बाद. आणि काही आलं नाही तरी लगेच खूश होऊ नका. मल्टिमीटर आतून जेमतेम दोन-चार व्होल्ट देतो, आणि एलिमेंटला सोसायचे असतात २३०. म्हणून मेगर. ५०० व्होल्टवर टर्मिनल आणि नळी यांच्यात तपासा. चांगलं एलिमेंट कित्येक मेगाओहम दाखवतं. १ मेगाओहमच्या खाली गेलं तर मी परत जोडत नाही.

दोन सावधगिऱ्या. मेगर लावताना एलिमेंट सर्किट बोर्डपासून पूर्ण सुटलेलं हवं. ५०० व्होल्ट बोर्डात गेले तर एलिमेंटच्या कितीतरी पट महाग वस्तू तुमच्या खिशातून भरावी लागेल. दुसरं, आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात महिनाभर पडून राहिलेलं कोरं एलिमेंटसुद्धा कमी रीडिंग देऊ शकतं, कारण टोकाकडून पावडरीने हवेतली ओल ओढलेली असते. ते कोरड्या गरम जागेत काही तास ठेवून परत तपासा, रीडिंग चढलं तर माल ठीक. नाही चढलं तर सप्लायरला परत. म्हणून मी नवीन एलिमेंट दुकानात बिलाच्या आधीच मेगरवर बघतो. साइटवर जाऊन कळलं की उशीर झालेला असतो.

तर परत त्या शुक्रवारकडे. पाऊस नुसता कोसळत होता. मी बोर्ड उघडला आणि पोटात गोळा आला. आरसीसीबीच्या वायरी बाहेर काढून सरळ एकमेकींना जोडलेल्या, वर काळी टेप. केअरटेकर म्हणाला, "सारखा ट्रिप होत होता दादा. पाहुणे ओरडायचे. वायरमनने सरळ करून दिलं."

एलिमेंट तपासलं. टर्मिनल ते टर्मिनल १९.३ ओहम, म्हणजे एकदम फर्स्ट क्लास. फक्त ही टेस्ट करणारा "एलिमेंट चांगलंय" म्हणून निघून गेला असता. टर्मिनल ते नळी, मल्टिमीटरवर काही किलोओहम. मेगरवर काटा जागेवरून हललाच नाही. काढून बघितलं तर नळीवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे, आणि एका ठिकाणी आरपार. पाच आठवड्यांचं एलिमेंट!

मग अर्थिंग बघितलं. बागेतल्या अर्थ पिटपर्यंत गेलेली वायर क्लँपपाशी गंजून दोन-तीन तारांवर लटकत होती.

हे तिन्ही एकत्र कसं चालतं ते नीट समजून घ्या, कारण असे प्रसंग तुमच्यावर येणारच. समजा खराब अर्थिंगचा रेझिस्टन्स १०० ओहम आहे. गळणारा करंट फार तर सव्वादोन अँपिअर. बोर्डात एमसीबी आहे २० अँपिअरचा. त्याला याचा पत्ताच लागत नाही, तो पडणार नाही. आरसीसीबी मात्र ३० मिलिअँपिअरला पडतो, म्हणजे अँपिअरच्या शंभराव्या हिश्शाच्या तिप्पट. तो बरोबरच पडत होता! आख्ख्या व्हिलात एकच गोष्ट इमानदारीने काम करत होती, आणि तीच काढून टाकली होती. त्यानंतर हीटरची बॉडी आणि पाणी दोन्ही लाइव्ह. पोराला नुसतं "चावलं", कारण तो टबाच्या आत होता आणि टब फायबरचा. तोच पोरगा एक पाय बाहेर ओल्या लादीवर ठेवून स्टीलच्या कठड्याला धरून उतरला असता तर? मला त्या रात्री झोप लागली नाही. माझंच एलिमेंट होतं ते.

शनिवारी बुकिंग होतं. मालकाचा फोन आला. "आजच्या दिवस काहीतरी करून चालू करून द्या, सोमवारी नवीन लावू. पैशाचं बघू आपण." मी म्हटलं, शेठ, टब चालू होणार नाही. आवाज चढला. तुमच्यामुळे माझं बुकिंग जातंय, दुसरा माणूस बघतो, वगैरे. मी एलिमेंट गाडीत टाकलं, हीटरच्या वायरी एमसीबीपासून सोडवून टोकं टेप केली, आणि जॉबकार्डावर लिहिलं: आरसीसीबी बायपास आढळला, अर्थिंग तुटलेलं, टब वापरू नये. तारीख, वेळ, केअरटेकरची सही, आणि कार्डाचा फोटो मालकाला.

जॉबकार्ड नावाची चोपडी कोणाकोणाकडे आहे? डुप्लिकेट पानांची साधी चोपडी. ती नसेल तर आज घ्या.

आता नळीला खड्डे का पडले? मी केअरटेकरला विचारलं, पाण्यात काय टाकता. त्याने डबा आणून दाखवला: स्विमिंग पूलच्या क्लोरीनच्या मोठ्या गोळ्या, ट्रायक्लोरच्या. एक-एक गोळी तो फिल्टरच्या जाळीत टाकून ठेवायचा. आठवडाभर पाहुणे नसले की पंपही बंद. ट्रायक्लोर विरघळतं तसं पाणी आम्लधर्मी होत जातं. पूलमध्ये लाखभर लिटर पाणी असतं, तिथे चालून जातं. टबात हजार लिटर. पंप बंद असला की तेच कडक पाणी हीटरच्या नळीत साचून राहतं. तपासायच्या पट्टीवर पीएच तळाशी. तो ७.२ ते ७.८ च्या मध्ये असायला हवा. जूनमध्ये पाच रुपयांची पट्टी बुडवली असती तर मला हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

उलटी केसही असते. बोअरचं जड पाणी असेल तर एलिमेंटवर क्षारांचा पांढरा थर बसतो, आतली उष्णता बाहेर निघत नाही, तार जास्त तापून तुटते. गिझरमध्ये हेच जास्त दिसतं. थर सायट्रिक अ‍ॅसिडने, म्हणजे लिंबूफुलाने निघतो. पण एक लक्षात ठेवा, क्लोरीन असलेल्या पाण्यात कुठलंही अ‍ॅसिड मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो. आधी टब रिकामा, स्वच्छ पाण्याने धुतलेला, खिडक्या उघड्या.

आणि कधीकधी काहीच बिघडलेलं नसतं. "पाणी लवकर तापत नाय" ही तक्रार आली की आधी व्होल्टेज बघा. गावाकडे संध्याकाळी २०० व्होल्ट आले तर हीटरची ताकद पाऊणपटीवर येते, कारण वॅट व्होल्टेजच्या वर्गाने पडतात. मग साधा हिशोब मांडा: १,००० लिटर पाणी एक डिग्रीने तापवायला १.१६ युनिट. २७ वरून ३९ वर न्यायचं तर १२ डिग्री, म्हणजे १४ युनिट. ३ किलोवॅटच्या हीटरला पूर्ण व्होल्टेजवर पावणेपाच तास, वर झाकण नसेल तर आणखी. पाहुणे चारला येणार आणि केअरटेकर तीनला चालू करणार, तर एलिमेंटचा काय दोष? हा हिशोब कागदावर लिहून दिला की कस्टमरला तुमच्याबद्दल विश्वास वाटतो. मी या सल्ल्याचेही व्हिजिटचे पैसे घेतो. लाजायचं नाही.

बदलताना काय? स्लाइस व्हॉल्व्ह दोन्हीकडचे बंद, नसतील तर टब रिकामा. नवीन एलिमेंटचे वॅट, व्होल्ट, लांबी आणि टर्मिनलची जाडी जुन्याशी जुळवा. गॅस्केट आणि ओ-रिंग नेहमी नवीन. टर्मिनलचा नट आवळताना दोन पाने वापरा, एकाने आतला नट धरायचा, दुसऱ्याने बाहेरचा फिरवायचा. एकाच पान्याने आवळलं तर आतला पोर्सिलेनचा मणी तडकतो आणि पावडरीला ओल लागायला वाट मिळते. ढिलं सोडलं तर टर्मिनल जळतं आणि बोर्ड घेऊन जातं. मग व्हॉल्व्ह उघडा, पाणी भरा, पंप फिरवून हवा काढा, गळती बघा, आणि सगळ्यात शेवटी हीटर. पाण्याशिवाय चालू केलेलं एलिमेंट बघता बघता लाल होऊन जातं, आणि ते कुठल्याच वॉरंटीत बसत नाही. टबात यासाठी फ्लो किंवा प्रेशर स्विच असतो. तो कोणी बायपास केलेला नाही ना, तेही बघा. शेवटी क्लँप मीटर लावून करंट लिहून घ्या. २४० व्होल्टचं ३ किलोवॅटचं एलिमेंट २३० वर १२ अँपिअर घेतं. आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबायचं, पडला पाहिजे. कस्टमरसमोर दाबा.

मी त्या मालकाला दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला: एलिमेंट मी फुकट देतो, पण आधी लायसन्सवाल्या वायरमनकडून अर्थिंग आणि आरसीसीबी नीट करून घ्या आणि मला फोटो पाठवा. बोर्ड आणि अर्थिंगचं काम परवाना नसताना मी करत नाही, तुम्हीही करू नका. मंगळवारी फोटो आला. गुरुवारी मी एलिमेंट बसवलं, ट्रायक्लोरचा डबा बंद करायला लावला, टबासाठी चालणारं क्लोरीन सांगितलं, पीएचच्या पट्ट्या दिल्या आणि पंप रोज किती वेळ फिरवायचा ते भिंतीवर लिहून चिकटवलं.

हिशोब: एलिमेंट ४,२००, पेट्रोल ३००, हेल्पर ६००. शुक्रवारची फेरी धरलीच नाही. ५,१०० गेले. जूनचे २,१०० वजा जाता मी ३,००० रुपयांनी खड्ड्यात. कोणी म्हणेल, फुकट का दिलं, चूक तर क्लोरीनची. खरंय. पण जूनमध्ये मी पाणी तपासलं नव्हतं आणि जुन्या एलिमेंटचं कारण शोधलं नव्हतं. अर्धी जबाबदारी माझी होती, आणि अर्ध्या एलिमेंटचं बिल करता येत नाही.

तेव्हापासून माझ्या बिलात टेस्टिंगची वेगळी ओळ असते. एलिमेंट बदला किंवा नका बदलू, टेस्टिंगचे पैसे लागतात: ओहम, मेगर, अर्थ, आरसीसीबी, पीएच, करंट, सगळे आकडे लिहून. काही कस्टमर कुरकुरतात. त्यांना म्हणतो, डॉक्टर एक्सरेचे पैसे वेगळे घेतोच ना. बीबीएला आम्हाला कॉस्टिंग शिकवलं होतं, पण त्यात "परत जावं लागलं तर" हा खर्च कुठे मांडायचा ते कोणी सांगितलं नव्हतं. मी आता तो टेस्टिंगच्या ओळीत मांडतो.

नवीन सुरुवात करणाऱ्याने थेट हॉट टबवर उडी मारू नये. आपल्याकडे टबाचं काम महिन्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं येतं, गिझरचं थंडीत रोज येतं. टेस्ट त्याच, टूल्स तीच. पन्नास गिझर उघडा, मग टब. दुकानात गिझरची चालणारी एलिमेंटं, थर्मोस्टॅट, गॅस्केट ठेवा; टबाचं एलिमेंट स्टॉक करू नका, प्रत्येक कंपनीचं माप वेगळं आणि तुमचे पैसे खोक्यात अडकून बसतात. फोटो मागवा, अ‍ॅडव्हान्स घ्या, मग मागवा. मल्टिमीटरनंतरची पहिली खरेदी मेगरची, ड्रिल मशीनची नाही. उद्यम नोंदणी फुकट आहे, ऑनलाइन होते, ती करून टाका. त्यासाठी पैसे मागणारा भेटला तर त्याला चहा पाजून पाठवा.

तो मालक मला परत कधी बोलवत नाही. केअरटेकरने मात्र वर्षभराने नोकरी बदलली, आता तो नागावजवळच्या एका बंगल्यावर असतो. तिथून त्याचा पहिला फोन आला तेव्हा म्हणाला, "दादा, इथे पण टब आहे. चालू आहे, पण मी अजून कोणाला बसू दिलं नाय. तुमचं ते मशीन घेऊन या आधी."